साथीच्या काळात छोट्या मेडिकल ट्रस्टने ग्रँट कशी मागायची?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नाशिकच्या पंचवटीत तुमच्या ट्रस्टचा दवाखाना आहे, आठवड्यातनं दोनदा गाडी पेठ-हरसूल बाजूला जाते, महिन्याचा खर्च साधारण दोन लाख. कोरोनात दानपेटी बंद, कालिदास नाट्यगृहात होणारा वार्षिक कार्यक्रम बंद, वाढदिवसाच्या देणग्या बंद, नर्सचा पगार थकला आणि त्याच महिन्यात कोणीतरी पाच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतनं ऑक्सिजन काढून देणारी मशीनं) आणून दिले जे आता पोटमाळ्यावर पडून आहेत. तर पुन्हा अशी साथ आली तर ग्रँट कुठून आणि कशी मागायची, आणि त्यासाठी ट्रस्टच्या घटनेत साथरोग वगैरे शब्द घालून घ्यायचे का.

मी आधी सातपूरच्या एका कंपनीत सीएसआर (कंपनीला नफ्यातला ठराविक हिस्सा कायद्याने समाजकामावर खर्च करावा लागतो, तो) बघायचो, म्हणजे तुमच्यासारख्यांचे अर्ज वाचायचं काम, आणि आता बरीच वर्षं जिल्ह्यातल्या छोट्या आरोग्य संस्थांना प्रपोजल लिहून देतो, हिशोब नीट लावून देतो. त्यामुळे दोन्हीकडनं काय दिसतं ते सांगतो.

घटनेचं आधी उरकून घेऊ. उद्देशांत "वैद्यकीय मदत" असं मोघम का होईना लिहिलेलं असेल तर साथ त्यात आली, धर्मादाय कार्यालयात खेटे घालायची गरज नाही. अडचण उलटीकडनं येते. उद्देश फक्त वैद्यकीय आणि लॉकडाऊनमध्ये तुम्ही शिधा वाटला, तोही एखाद्या ग्रँटच्या पैशातनं, तर देणाऱ्याची लेखी संमती फाइलला लागते. त्या दिवसांत सगळ्यांनीच वाटला आणि वाटायलाच हवा होता, पण दोन वर्षांनी ऑडिटर कागदच मागतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलंय की "पैसाच नव्हता". पैसा होता हो, भरपूर होता, पण ज्या रूपात आला त्या रूपात तुम्हाला वापरता येत नव्हता. गोदेला पूर आला की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला अख्खं गाव जमतं आणि नेमकं त्याच दिवशी घरच्या नळाला पाणी नसतं, तसलाच प्रकार. हा पैसा असा का वाहतो ते समजलं की मागायचं कसं ते आपोआप कळतं, म्हणून जरा मागे जातो.

११ मार्च २०२० ला डब्ल्यूएचओने ही जागतिक साथ आहे असं म्हटलं. २३ मार्चला कंपनी मंत्रालयाचं सर्क्युलर आलं की कोविडवरचा खर्च सीएसआरमध्ये धरू. २५ पासून लॉकडाऊन. आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. म्हणजे ज्या कंपन्यांचे त्या वर्षाचे सीएसआरचे दोन टक्के पूर्ण खर्च झाले नव्हते त्यांच्या हातात जेमतेम आठवडा होता, माणसं घरी, ऑफिसं बंद, आणि त्याच आठवड्यात पीएम केअर्स आलं ज्याला दिलेला पैसा सीएसआर म्हणून चालतो. एक ट्रान्सफर केली की विषय संपला. (मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेलं मात्र सीएसआरमध्ये चालत नाही, राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेलं चालतं, हे एप्रिलमध्ये स्पष्ट झालं आणि तेव्हा त्यावरनं भरपूर वादही झाला.) टाटा ट्रस्ट्स आणि टाटा सन्स मिळून १५०० कोटी, अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि विप्रो मिळून ११२५ कोटी, असे आकडे पेपरात यायला लागले आणि प्रत्येक छोट्या ट्रस्टला वाटलं की यातलं थोडं आपल्याकडे येईल. पण एवढ्या मोठ्या रकमा वाटणारे लोक पाच-सहा लाखांचे शंभर अर्ज वाचत बसू शकत नाहीत, ते ज्यांचं काम आणि कागद आधीपासून माहीत आहेत अशा संस्थांकडनंच काम करून घेतात.

दुसरी लाट आली तेव्हा हे आणखी ठळक झालं. २१ एप्रिल २०२१ ला आपल्या झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनची गळती झाली, वीसहून जास्त पेशंट गेले, त्यानंतर नाशिकमध्ये कोणाच्याही तोंडी ऑक्सिजन सोडून दुसरा शब्द नव्हता आणि ते साहजिकच होतं. दुसऱ्याच दिवशी कंपनी मंत्रालयाने तात्पुरती हॉस्पिटलं आणि कोविड केअर सेंटर सीएसआरमध्ये चालतील असं सांगितलं, ५ मे ला ऑक्सिजन प्लांट, कॉन्सन्ट्रेटर, व्हेंटिलेटर, सिलिंडर यांची नावं घेऊन परत सर्क्युलर काढलं. मधल्या काळात आयातीवरची कस्टम ड्युटी माफ झाली, फुकट वाटायला आणलेल्या सामानाचा आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ही माफ झाला. आता सीएसआर मॅनेजरच्या जागी बसून बघा. समोर सर्क्युलर आहे, त्यात वस्तूचं नाव लिहिलंय, ती आठवड्यात विकत मिळते, मोजता येते, स्टिकर लावून फोटो काढता येतो. दुसरीकडे तुमचं पत्र आहे की आमच्या नर्सचा पगार द्या. तो माणूस वाईट नसतो, पण त्याला वर जाऊन उत्तर द्यायचं असतं आणि मशीनचं उत्तर देणं सोपं असतं.

तर मग करायचं काय. माझं मत बऱ्याच लोकांना पटत नाही पण मी तेच सांगतो, साथ सुरू झाल्या झाल्या नवीन ग्रँट शोधायला पळू नका. आधी जो पैसा तुमच्याकडे आहे किंवा येणार म्हणून मंजूर आहे तो मोकळा करून घ्या.

म्हणजे काय, उदाहरण देतो. जिल्ह्यातल्या एका संस्थेकडे मोतीबिंदू शिबिरांसाठी मंजूर झालेले पैसे बँकेत पडून होते. शिबिरं घेता येत नव्हती, ऑपरेशनं थांबलेली, आणि दुसऱ्या खात्यावर कर्मचाऱ्यांच्या पगाराला पैसे नाहीत. शिबिराच्या पैशाला हात लावला तर तो गैरवापर, नाही लावला तर माणसं सोडून जाणार. आम्ही देणगीदाराला एक पानाचं पत्र लिहिलं. मंजुरी कशासाठी होती, त्यातलं आत्ता काय होऊ शकत नाही आणि का, त्याच रकमेत आम्ही अमुक तारखेपर्यंत काय करू (तेच नेत्रसहायक गावोगावी जाऊन शुगर-बीपीच्या गोळ्या घरपोच देतील, ज्यांच्या डोळ्यात दुखणं वाढलंय त्यांची यादी करतील), आणि शिबिरं परत सुरू झाली की उरलेली रक्कम मूळ कामाला. सोबत जुनं बजेट आणि नवीन बजेट शेजारी शेजारी एकाच तक्त्यात. उत्तर पटकन आलं, कारण देणाऱ्यालाही आपला पैसा पडून राहणं नकोच असतं, त्याला फक्त फाइलला लावायला कारण लागतं. फोनवर "हो हो करा" म्हणाले तरी त्यावर भागवू नका, ईमेलवर "मंजूर" एवढा एक शब्द का होईना घ्या.

आणि हे साथ यायची वाट न बघता आत्ताच करता येतं. पुढच्या प्रत्येक करारात एक ओळ घालायला सांगा की सरकारने आपत्ती किंवा साथ जाहीर केल्यास मंजूर रकमेचा अमुक टक्के भाग संस्थेला पगार आणि चालू खर्चाकडे वळवता येईल, देणगीदाराला सात दिवसांत कळवून. शांततेच्या काळात या ओळीला सहसा कोणी हरकत घेत नाही. टक्के किती यावर घासाघीस होते, होऊ द्या.

नवीन ग्रँट मागायची वेळ आली की मग दुसरी गोष्ट. सगळे कोविड कोविड करतायत म्हणून तुम्हीही एका रात्रीत कोविड संस्था होऊ नका. तुमच्याकडे ना आयसीयू ना फिजिशियन. तुमच्याकडे काय आहे तर पेठ-हरसूलच्या पाड्यांवर ओळखीची असलेली गाडी, आणि साथीत नेमकं तेच कोणाकडे नसतं. देशात २०१९ मध्ये टीबीचे २४ लाखांच्या वर पेशंट नोंदले गेले होते, २०२० मध्ये तो आकडा १८ लाखांवर आला. टीबी कमी झाला नव्हता, लोक तपासायला येऊ शकले नाहीत, कर्मचारी आणि तपासणीची मशीनं कोविडकडे वळली. सिकलसेलच्या गोळ्या, गरोदर बायकांची तपासणी, बीपी-शुगर, सगळ्याला हाच फटका. द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-पिंपळगावकडे आलेली माणसं लॉकडाऊनमध्ये गावी परत गेली ती त्यांच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांसकट, आणि तिकडे औषधाचं दुकान वीस-वीस किलोमीटरवर. तुमचं प्रपोजल हे असलं पाहिजे: साथीमुळे ज्यांचा नेहमीचा उपचार तुटतोय त्यांचा तुटू देणार नाही. सीएसआरच्या यादीत आरोग्यसेवा, प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेसकट, पहिल्याच कलमात आहे, त्यासाठी वेगळं सर्क्युलर लागत नाही. बऱ्याच संस्था हे विसरून कोविड हा शब्द कुठे बसवता येईल ते शोधत होत्या.

मागताना रक्कम कशी मांडायची यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. "दवाखाना चालवायला मदत करावी" असं लिहिलेलं पत्र कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. तुमचा दोन लाखांचा महिना आहे ना, तो फोडा. समजा त्यातले ऐंशी हजार गाडीचे आहेत, डिझेल, ड्रायव्हर, नर्स, औषधं धरून, आणि महिन्याला चारशे पेशंट बघून होतात, तर एका पेशंटला दोनशे रुपये पडतात. आता तुमची मागणी "सहा महिने, आठ फेऱ्या दर महिन्याला, २४०० तपासण्या, चार लाख ऐंशी हजार" अशी झाली. यात पगार आहे, डिझेल आहे, पण देणाऱ्याला मोजता येतंय. कॉन्सन्ट्रेटरला जी सोय होती तीच आपण पगाराला करून दिली.

इथे कंपनीवाले हमखास सांगतील की पगार आमच्यात बसत नाही, प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. हे अर्धवट ऐकलेलं असतं, त्यांच्या अकाउंट्सवाल्यांनी सांगितलेलं. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनावर आहे. एखाद्या ठराविक प्रकल्पाच्या अंमलबजावणीचा थेट खर्च त्यात येत नाही. गाडीवरची नर्स हा प्रकल्पाचा खर्च आहे, ट्रस्टच्या ऑफिसचा शिपाई नाही. म्हणून बजेटमध्ये "पगार" असं एकच हेड टाकू नका, "फिरता दवाखाना – नर्स, ६ महिने" असं लिहा. एवढ्यावर मंजुरी होताना मी पाहिलंय. दुसरं, कंपनीकडे कॉर्पस, म्हणजे न मोडता ठेवायचा कायम निधी, मागू नका. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले तेव्हापासून कॉर्पसला दिलेली रक्कम सीएसआर धरली जात नाही, उगाच एक नकार पदरात पडतो आणि पुढच्या मागणीला तो माणूस आधीच वैतागलेला असतो.

मशीनचं म्हणाल तर फुकट मशीन फुकट नसतं. पाच लिटरचा एक कॉन्सन्ट्रेटर साधारण साडेतीनशे वॅट खातो, फिल्टर दर आठवड्याला धुवावा लागतो, पडून राहिला तर आतला पदार्थ दमट हवेने खराब होतो आणि ऑक्सिजनची शुद्धता खाली येते, आवाज तसाच येतो पण उपयोग नाही. म्हणून कोणी वस्तू देऊ केली की नाही म्हणायचं नाही, अट घालायची. यासोबत दोन वर्षांचा देखभाल करार आणि चालवणाऱ्याचं ट्रेनिंग देणार का? देणारे बरेचदा तयार होतात कारण कोणी विचारलेलंच नसतं. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटमध्ये तर हे ट्रेनिंग-देखभालीचं आधीच लिहून मागतात, आणि मला ती पद्धत आवडते, फक्त तिथे किमान बजेट ३० हजार डॉलर आहे आणि परदेशातला क्लब जोडीला लागतो, त्यामुळे तुम्ही एकट्याने त्या वाटेला जाऊ नका, चार संस्था मिळून स्थानिक क्लबकडे जा. तुमचे पाच आता बायोमेडिकलवाल्याकडनं तपासून घ्या, जे शुद्धता देतात ते देणाऱ्याला कळवून ग्रामीण रुग्णालयाला किंवा घरी ऑक्सिजन लागणाऱ्या फुफ्फुसाच्या पेशंटना परतीच्या बोलीवर द्या, आणि स्टॉक रजिस्टरला नोंद करा. सीएसआरमधनं आलेली वस्तू असेल तर ती कोणाच्या नावावर राहू शकते याचे नियम आहेत, म्हणून परस्पर देऊन टाकू नका.

परदेशी पैशाबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली आहे की ट्रस्टींचा भाचा न्यूजर्सीला आहे. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतनं बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी झाली आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी नसताना एक डॉलरही घेता येत नाही. पासपोर्टची कॉपी मागून घ्या, लाजू नका. आणि मुंबईची मोठी संस्था तिच्या एफसीआरएच्या पैशातनं तुम्हाला देईल ही आशा सोडा, सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला तो पैसा पुढे देणंच बंद झालं. ऐन साथीत हे झालं आणि खेड्यापाड्यातल्या अनेक संस्थांचा तोच एक नळ होता.

बाकी, बाहेर देशांतही फार वेगळं घडलं नाही. कॅन्सर रिसर्च यूके एवढी मोठी संस्था, पण दुकानं बंद, धावण्याच्या शर्यती बंद, म्हणजे निधी गोळा करायचे मार्गच बंद झाले आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांनी संशोधनाच्या निधीतनं ४४ दशलक्ष पाउंड कापले. तिथल्या सरकारने धर्मादाय संस्थांसाठी ७५० दशलक्ष पाउंडांचं पॅकेज तरी काढलं. आपल्याकडे तसं कोणी देईल असं धरून चालू नका. तुमचा कालिदासचा कार्यक्रम हे त्यांच्या शर्यतीसारखंच आहे, माणसं जमली तर पैसा. त्यामुळे त्याच प्रेक्षकांतल्या शंभर जणांकडनं महिन्याला पाचशे रुपयांची बँकेतनं आपोआप जाणारी देणगी सुरू करून घ्या. पन्नास हजार झाले, तुमच्या महिन्याचा पाव हिस्सा, आणि तो कोणत्याही अटीशिवायचा. साथीत असा पैसा एकदम बंद होत नाही कारण बंद करायला माणसाला बँकेत जाऊन काहीतरी करावं लागतं.

हे सगळं तुमच्या कागदांवर अवलंबून आहे, त्यामुळे तुम्ही कुठे उभे आहात ते मला माहीत नसताना एकच उत्तर देता येत नाही. आयकराच्या १२ए (ट्रस्टला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत) या दोन्ही नोंदण्या चालू असतील, तीन वर्षांची ऑडिटेड खाती असतील आणि त्याच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवता येत असेल तर कंपन्यांकडे जा. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्मचा (संस्थेने कंपनी मंत्रालयाकडे करायच्या नोंदणीचा) नंबर नसेल तर कंपनी इच्छा असूनही देऊ शकत नाही. यातलं काही अपुरं असेल तर आत्ता कंपन्यांच्या दारात वेळ घालवू नका, वर सांगितलेले मासिक देणगीदार आणि टीबी पेशंटना पोषण आहार देणाऱ्या निक्षय मित्र योजनेसारखी कामं यातनं अनुभव आणि नोंदी तयार करा. अंबड-सातपूरच्या कंपन्यांकडे जाणार असाल तर मार्चमध्ये जाऊ नका, तेव्हा त्यांना फक्त उरलेला पैसा संपवायचा असतो आणि तुम्हाला परत मशीनच मिळेल, पुढच्या वर्षाचं बजेट ठरतं त्याच्या आधी, दिवाळीनंतर जा. सिंहस्थ जवळ आला की बऱ्याच जणांचा पैसा घाट, स्वच्छता आणि आरोग्य शिबिरांकडे वळतो, म्हणून तेव्हा थोडं आधीच गेलात तर बरं.

सीएसआर-१ भरायला प्रॅक्टिस करणाऱ्या सीए किंवा कंपनी सेक्रेटरीचं सर्टिफिकेट आणि एका ट्रस्टीची डिजिटल सही लागते. ती सही ज्या ट्रस्टीच्या नावावर आहे ते हयात आहेत का, आणि ट्रस्टी बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात त्या बदलाचा चेंज रिपोर्ट मंजूर झालाय का, हे या आठवड्यात बघून घ्या. पोटमाळ्यावरच्या मशीनांपेक्षा जास्त अर्ज मी या एका कारणावर अडलेले बघितलेत.